डॉसन सिटी अलास्कात नाही, आणि ती ओसही पडलेली नाही

अलास्काच्या क्रूझवरून परतलेली आपली मंडळी फोटो दाखवताना एक वाक्य हमखास म्हणतात: हाच तो सोन्याचा क्लोंडाइक. फोटोत असतं स्कॅगवे बंदर, लाकडी दर्शनी भिंतींची दुकानं आणि डोंगर चढणारी जुन्या धाटणीची आगगाडी. फोटो खरे, प्रवासही खरा. पण क्लोंडाइक तिथे नाही. तो तिथून रस्त्याने सातशे किलोमीटर उत्तरेला, दुसऱ्या देशात आहे.

चूक एकट्या प्रवाशांची नाही. क्लोंडाइक नदीच्या काठी वसलेल्या डॉसन सिटी या गावाची एक ठरीव गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे पाठवली जाते. तिचा गोषवारा असा: अलास्कातल्या निर्मनुष्य रानात 1896 साली जॉर्ज कारमॅक नावाच्या गोऱ्या माणसाला सोनं सापडलं. बातमी फुटताच लाखभर लोक धावले आणि ज्याने ज्याने खणलं तो मालामाल झाला. गावात पिस्तुलाचं राज्य होतं. मग सोनं संपलं, गाव एका रात्रीत ओस पडलं, आणि आज तिथे भुतं राहतात. शेवटी बहुतेक वेळा एक व्यापारी उपदेशही जोडलेला असतो की सोनं खणणारे कंगाल झाले आणि फावडी विकणारे कोट्यधीश.

या गोष्टीत धड म्हणावीत अशी दोनच कलमं आहेत, ती म्हणजे 1896 हे साल आणि लाखभर लोक निघाले हा आकडा. बाकीचं एकेक करून तपासायला हवं. मी या गावाबद्दल बरीच वर्षं वाचत आलो आहे. त्या गोष्टीतले "निर्मनुष्य रान" हे शब्द मला सर्वात जास्त खुपतात, म्हणून त्याकडे शेवटी सवडीने येतो.

आधी जागेचं पाहू. डॉसन सिटी कॅनडाच्या युकॉन प्रदेशात आहे. क्लोंडाइक नदी युकॉन नदीला मिळते त्या संगमाशी, युकॉनच्या उजव्या तीरावर, साधारण 64 अक्षांशावर. अलास्का आणि कॅनडा यांच्यामधली इथली सरहद्द म्हणजे 141 वं पश्चिम रेखावृत्त. ही रेघ ब्रिटन आणि रशिया यांनी 1825 च्या तहात ठरवली. 1867 मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतलं तेही याच रेघेपर्यंत. डॉसन आहे 139 अंश आणि वर थोड्या मिनिटांवर. सरळ रेषेत मोजलं तर सरहद्दीपासून जवळपास पाऊणशे किलोमीटर कॅनडाच्या आत.

"तेव्हा सरहद्द कुठे पक्की होती, कॅनडाने नंतर गाव आपल्या नावावर करून घेतलं" असंही काही जण सांगतात. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. वाद होता तो समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीचा, म्हणजे स्कॅगवे आणि डायी ही बंदरं कोणाची याचा. तो 1903 मध्ये लवादाने मिटवला आणि निकाल बराचसा अमेरिकेच्या बाजूने गेला. आतल्या बाजूच्या सरळ रेघेबद्दल तसा वाद नव्हता. 1887-88 च्या हिवाळ्यात विल्यम ओगिल्वी या कॅनडाच्या सर्वेक्षकाने ताऱ्यांचे वेध घेऊन, ती रेघ युकॉन नदीला नेमकी कुठे छेदते ते निश्चित केलं होतं. सोनं सापडण्याच्या आठ वर्षं आधी. गावाचं नावही याची साक्ष देतं. जॉर्ज मर्सर डॉसन हा कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा माणूस. त्याने 1887 मध्ये या प्रदेशाची पाहणी केली होती. पुढे जोसेफ लड्यू या व्यापाऱ्याने संगमावरची दलदलीची सपाट जमीन आपल्या नावावर करून घेतली, ओगिल्वीने तिच्यावर रस्ते आणि भूखंड आखले, आणि गावाला डॉसनचं नाव दिलं गेलं.

त्या वेळी तिथे खणणाऱ्यांमध्ये अमेरिकन माणसंच जास्त होती, हे मात्र खरं. पण ती खणत होती कॅनडाच्या कायद्याखाली. प्रत्येकाला कॅनडा सरकारचा परवाना काढावा लागे, आणि 1897 पासून काढलेल्या सोन्यावर सरकारने स्वामित्वधन लावलं. त्यावर अमेरिकन खाणवाल्यांनी खूप आरडाओरडा केला. स्वतःच्या देशात खणत असते तर ओटावाला, म्हणजे कॅनडाच्या राजधानीला, पैसे देण्याचा प्रश्नच कुठे आला असता? गर्दी अमेरिकन आहे म्हणून उद्या कोणी प्रदेशच आपला म्हणेल, ही धास्ती ओटावालाही होतीच. म्हणून 1898 मध्ये युकॉन हा स्वतंत्र प्रदेश केला गेला, डॉसन त्याची राजधानी झाली, आणि सुमारे दोनशे सैनिकांची एक तुकडी तिकडे रवाना झाली.

मग अलास्काचं नाव चिकटलं कसं? वाटांमुळे. डॉसनला जायच्या दोन मुख्य वाटा होत्या आणि दोन्ही अलास्कातून सुरू होत. श्रीमंतांची वाट पाण्याची: जहाजाने बेरिंग समुद्रापर्यंत, सेंट मायकेलला उतरायचं आणि नदीतल्या आगबोटीने युकॉनच्या प्रवाहाविरुद्ध अडीच हजार किलोमीटरहून जास्त वर जायचं. बाकीच्यांची वाट खिंडीची: डायीहून चिलकूट खिंड किंवा स्कॅगवेहून व्हाइट पास, पलीकडे बेनेट सरोवर, तिथे झाडं तोडून स्वतः होडी बांधायची आणि आठशे किलोमीटर प्रवाहाबरोबर खाली जायचं. बाहेर येणारं सोनंही याच बंदरांतून जहाजावर चढे. 17 जुलै 1897 ला 'पोर्टलँड' जहाज सिअ‍ॅटलला लागलं आणि "टनभर सोनं" ही बातमी जगभर गेली, ते जहाज सेंट मायकेलहून आलेलं. सिअ‍ॅटलच्या व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक हवं होतं. अलास्काचं दार आपल्याच शहरात आहे, असा प्रचार त्यांनी जोरात केला. लोकांच्या मनात दार आणि घर एक झालं ते आजतागायत.

आज डॉसनहून अलास्काला जायचं म्हटलं तर काय करावं लागतं ते पाहा. युकॉन नदीवर गावापाशी पूल नाही. उन्हाळ्यात फुकट चालणारी फेरीबोट असते, हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरून वाट. नदी ओलांडली की डोंगरमाथ्यावरून जाणारा शंभरेक किलोमीटरचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला सरहद्दीची चौकी. ती फक्त उन्हाळ्यात उघडी असते. हिवाळ्यात डॉसनचा माणूस त्या रस्त्याने अलास्कात जाऊच शकत नाही.

जागा एवढी घोळून सांगितली, कारण पिस्तुलाच्या राज्याची गोष्ट या एका चुकीतूनच जन्मली आहे. गोळीबार झाला, टोळ्या होत्या, लूटमार होती, पण ती स्कॅगवेला. तिथे सोपी स्मिथ नावाच्या ठगाने अख्खं बंदर वेठीला धरलं होतं. 8 जुलै 1898 ला धक्क्यावरच्या चकमकीत तो मेला, आणि त्याच्याशी भिडलेला फ्रँक रीड काही दिवसांनी जखमांनी गेला. हे अलास्का. खिंडीच्या माथ्यावर मात्र फेब्रुवारी 1898 पासून कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांची ठाणी बसली. वर्षभराचा शिधा आणि हत्यारं-अवजारं बरोबर असल्याशिवाय ते कोणाला पुढे सोडत नसत. सगळं मिळून एका माणसामागे टनभर ओझं. चिलकूटच्या बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवर माणसांची काळी रांग दिसणारे जे प्रसिद्ध फोटो आहेत ते या नियमाचे. ओझं एका खेपेत कोण नेणार? एकच चढ माणूस तीस-चाळीस वेळा चढत असे. व्हाइट पासवर माणसांऐवजी घोडे मेले, सुमारे तीन हजार. चिलकूटच्या वाटेवर 3 एप्रिल 1898 ला हिमकडा कोसळून साठाहून जास्त माणसं गेली.

एवढं पार करून डॉसनला पोचलेला माणूस ज्या गावात शिरे तिथे सॅम स्टील या पोलीस अधिकाऱ्याचा वचक होता. पिस्तूल कमरेला लावून हिंडायची बंदी. जुगाराचे अड्डे आणि नाचघरं चालत, रात्रभर चालत, पण शनिवारी मध्यरात्रीच्या आधी सगळ्यांची दारं बंद. रविवारी स्वतःच्या चुलीसाठी लाकूड फोडलं म्हणूनही माणसं धरली गेली आहेत. शिक्षा बहुतेक वेळा दंड, नाहीतर सरकारी लाकडाच्या ढिगावर लाकडं फोडायचं काम, नाहीतर सरळ गावाबाहेर हकालपट्टी. डॉसनमध्ये माणसं मेली ती टायफॉइडने, स्कर्व्हीने आणि थंडीने. दलदलीत वसलेल्या गावात 1898 च्या उन्हाळ्यात गटारं नव्हती आणि पिण्याचं पाणी गढूळ होतं. विल्यम जज या धर्मगुरूचं लहानसं इस्पितळ रोग्यांनी ओसंडून वाहत होतं. तो स्वतः पुढच्या जानेवारीत न्यूमोनियाने गेला.

आता "जो गेला तो मालामाल". इथे नुसत्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तरी पुरे. सोनं सापडलं 16 ऑगस्ट 1896 ला. आधीपासून या भागात असलेले खाणवाले फॉर्टीमाइल या जुन्या खाणवस्तीहून आणि अलास्कातल्या सर्कल गावाहून धावले. तो हिवाळा संपायच्या आत बोनान्झा आणि एल्डोराडो या दोन्ही ओढ्यांवरच्या उत्तम जागांवर हक्काचे खुंटे ठोकून झाले होते. बाहेरच्या जगाला बातमी कळली जुलै 1897 मध्ये. ती वाचून नोकऱ्या सोडून निघालेली बहुसंख्य माणसं हिवाळाभर बेनेट सरोवराच्या काठी अडकली. बर्फ फुटला 29 मे 1898 ला, त्यानंतर सात हजारांहून अधिक होड्या निघाल्या आणि जूनमध्ये डॉसनला लागल्या. तोवर शोधाला बावीस महिने होत आले होते. घरदार विकून आलेल्यांना कळलं की खणायला जागाच उरलेली नाही. इतिहासकारांचे सर्वमान्य अंदाज असे: लाखभर निघाले, तीस-चाळीस हजार पोचले, सुमारे चार हजारांना काही ना काही सोनं मिळालं, आणि ज्यांना श्रीमंत म्हणता येईल असे काही शेकडा. कितीतरी जण दुसऱ्याच्या जागेवर रोजाने राबले. कितीतरी तर खणायच्या फंदातही पडले नाहीत. चार दिवस त्या चिखलाच्या रस्त्यांवरून फिरले, सामान विकलं आणि परतीच्या बोटीत बसले.

खणणं म्हणजे काय, हेही या गोष्टीत कधी येत नाही. विदर्भात सोनझारी नावाचा समाज आहे, नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणं हा त्यांचा जुना धंदा. क्लोंडाइकचं सोनं जातीने तेच, ओढ्याच्या खडी-वाळूत मिसळलेलं, दगडातून फोडून काढावं लागत नाही असं. हिमयुगात हा भाग बर्फाच्या थरांखाली गेला नाही, म्हणून लाखो वर्षं साचलेली खडी जागच्या जागी राहिली. पण ती खडी कायम गोठलेल्या जमिनीखाली पाच-सात मीटरवर, खालच्या कातळाला चिकटून होती. रात्री लाकडं पेटवून ठेवायची, वीतभर माती विरघळली की ती उपसायची, पुन्हा पेटवायची. असा आड खणत हिवाळाभर खाली जायचं, खडीचा ढीग वर घालायचा. वसंतात पाणी वाहू लागलं की तो ढीग लाकडी पन्हळीत धुवायचा, आणि तेव्हा कळायचं की सहा महिने आपण सोनं उपसलं की माती.

दैव कसं फिरे त्याची दोन उदाहरणं. ओढ्याकाठच्या जागांची मापं चुकली होती, म्हणून ओगिल्वीने 1897 मध्ये त्या पुन्हा मोजल्या. मोजताना दोन जागांच्या मधे 86 फुटांची एक चिंचोळी पट्टी उरली. डिक लोव नावाच्या त्याच्या मदतनिसाने ती आपल्या नावावर केली, मग एवढीशी जमीन काय करायची म्हणून विकायला काढली, पण गिऱ्हाईक मिळेना. शेवटी स्वतःच खणायला घेतली. त्या पट्टीतून निघालेलं सोनं सुमारे पाच लाख डॉलरचं होतं. चार्ली अँडरसन या स्वीडिश माणसाच्या गळ्यात, तो दारूच्या अमलाखाली असताना, एल्डोराडोवरची 29 नंबरची जागा 800 डॉलरला मारली गेली. शुद्धीवर आल्यावर त्याने पैसे परत मागितले, कोणी दिले नाहीत, आणि त्या जागेने त्याला दहा लाखांच्या घरात नेलं. दोघांचाही पैसा टिकला नाही. अँडरसनने आयुष्याची शेवटची वर्षं लाकडाच्या गिरणीत मजुरी करून काढली.

फावडीवाल्यांच्या उपदेशाबद्दल थोडक्यात. सिअ‍ॅटलच्या दुकानदारांचं उखळ पांढरं झालं, यात शंका नाही. डॉसनमध्ये बेलिंडा मलरूनी या बाईने गरम पाण्याच्या पिशव्या आणि कापड विकून सुरुवात केली आणि 1898 मध्ये गावातलं उत्तम हॉटेल उभं केलं, हेही खरं. पण त्याच गावात 26 एप्रिल 1899 च्या आगीत 117 इमारती जळाल्या. त्या कोणाच्या होत्या? दुकानदारांच्या, खानावळवाल्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या. गावाचे भूखंड विकून पैसा केलेला जोसेफ लड्यू 1901 मध्ये क्षयाने गेला. ज्यांनी चढ्या भावाने माल भरला आणि पुढच्या उन्हाळ्यात बोटींनी माल ओतल्यावर तो कवडीमोलाने विकला, त्यांची नावंही कोणी लिहून ठेवली नाहीत. वाचलेल्या दोन-चार दुकानदारांवरून नियम काढायचा, तर वाचलेल्या दोन-चार खाणवाल्यांवरून उलटा नियमही काढता येईल.

एका रात्रीत ओस पडलेल्या गावाकडे येतो. 1899 मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर नोमला सोनं सापडलं आणि डॉसनमधून हजारो माणसं एका उन्हाळ्यात गाशा गुंडाळून तिकडे गेली. एवढ्यावरून ही कल्पना रुजली. पण सोन्याच्या उत्पन्नाचं सर्वात मोठं वर्ष त्यानंतरचं आहे, 1900, सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलरचं. 1901 च्या शिरगणतीत गावात 9,142 माणसं होती, 1911 मध्ये 3,013, 1921 मध्ये 975. उतरण आहे, मोठी आहे, पण ती वीस वर्षांची आहे. त्या काळात फावडी-कुदळीची जागा कंपन्यांच्या ड्रेजरांनी घेतली. हे ड्रेजर म्हणजे आपणच खणलेल्या डबक्यात तरंगणारे कारखाने. पुढून बादल्यांची माळ खडी उपसे आणि मागून धुतलेले गोटे बाहेर पडत. बोनान्झा ओढ्यावर लाकडी तळाचा 'नंबर 4' ड्रेजर आजही उभा आहे, कित्येक मजली उंच. गावाजवळच्या दऱ्यांमध्ये गोट्यांचे जे लांबच लांब वळसेदार ढीग दिसतात ते या ड्रेजरांनी मागे टाकलेले. शेवटचा ड्रेजर 1966 मध्ये थांबला. राजधानीचा मान त्याआधीच, 1953 मध्ये, व्हाइटहॉर्सकडे गेला होता.

त्या मधल्या काळात गाव जगत होतं याचा एक सुंदर पुरावा 1978 मध्ये जमिनीतून निघाला. नवी इमारत बांधण्यासाठी खणताना मुक्या चित्रपटांची 533 रिळं सापडली. सिनेमाच्या वितरणाच्या साखळीत डॉसन हे शेवटचं गाव. फिरत फिरत रिळं इथे येत तोवर इतकी जुनी होत की परत पाठवायचा खर्च कोणाला परवडत नसे. साठत गेलेली ती रिळं 1929 मध्ये पोहण्याचा जुना तलाव बुजवताना भराव म्हणून आत टाकली गेली, आणि गोठलेल्या जमिनीने ती सांभाळली. जगात इतरत्र नष्ट झालेले कितीतरी चित्रपट त्यातून परत मिळाले. मेलेल्या गावाला सिनेमा लागत नाही.

2021 च्या शिरगणतीत डॉसनची वस्ती 1,577 होती, शंभर वर्षांपूर्वीच्या दीडपटीहून जास्त. शाळा आहे, दवाखाना आहे, कला शिकवणारी संस्था आहे. आणि सोनंही संपलेलं नाही. आसपासच्या ओढ्यांवर आजही कुटुंबांच्या मालकीच्या छोट्या खाणी दर उन्हाळ्यात चालतात. 21 जून 2022 ला अशाच एका खाणीत, युरेका ओढ्यावर, गोठलेल्या मातीतून मॅमथचं तीस हजार वर्षांहून जुनं पिल्लू कातडी आणि केसांसकट जसंच्या तसं बाहेर आलं. खरोखर ओस पडलेलं गाव पाहायचं असेल तर डायी आहे, फॉर्टीमाइल आहे.

त्या पिल्लाचं नाव ठेवलं ते इथल्या मूळच्या लोकांच्या ज्येष्ठांनी, हान भाषेत: नुन चो गा, म्हणजे मोठं बाळ-जनावर. निर्मनुष्य रानाचा खोटेपणा मला इथून दाखवायचा आहे. ज्या लोकांनी हे नाव ठेवलं ते त्रॉन्डेक ह्वेचिन. क्लोंडाइक हा शब्द त्यांच्याच भाषेतला, गोऱ्या जिभेवर मोडलेला. मूळ शब्द त्रॉन्डेक. नदीत सॅमन मासे अडवण्यासाठी खुंटांचे बांध घालत, ते खुंट ठोकायला दगडी हातोडे वापरत, त्या हातोड्याच्या दगडांवरून नदीला हे नाव पडलं. संगमावर, आजच्या डॉसनच्या समोरच्या काठाला, त्रोचेक नावाची त्यांची मासेमारीची आणि मूस हरणाचं मांस सुकवण्याची जागा होती, पिढ्यानपिढ्यांची. 1896-97 च्या हिवाळ्यानंतर तिथे बाहेरच्या माणसांची रीघ लागली. रान तोडलं गेलं, शिकार पळाली, नदी गढूळ झाली. त्रोचेकवर झोपड्या आणि वेश्यावस्ती उभी राहिली. त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी 1897 मध्ये आपल्या लोकांना पाच किलोमीटर खाली, मूसहाइड इथे हलवलं. यालाच फिरत्या गोष्टीत निर्मनुष्य रान म्हटलं जातं.

आणि शोध लावणारा एकटा कारमॅक? त्या दिवशी ओढ्यावर तीन पुरुष होते. कारमॅकचे दोन सोबती दक्षिणेकडच्या टॅगिश लोकांतले: कीश, ज्याला सगळे स्कूकम जिम म्हणत, आणि त्याचा भाचा, डॉसन चार्ली. कारमॅकची बायको केट, तिचं खरं नाव शाव त्ला, ही जिमची सख्खी बहीण. बहिणीचा बरेच दिवस पत्ता नाही म्हणून भाऊ आणि भाचा नदीने तिला शोधत आले होते, त्यातून ही सगळी एकत्र आली. जिमच्या घराण्यातली हकीगत सांगते की ओढ्यात सोनं पहिल्यांदा जिमने पाहिलं. कारमॅक आयुष्यभर सांगत राहिला की मीच. हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता, पैशाचा होता. कायद्याने माणशी एक जागा मिळे, पण शोध लावणाऱ्याला दोन. त्या दोन जागा कारमॅकच्या नावावर झाल्या. मूळ रहिवाशाला शोधाचा हक्क कोणी लागू देणार नाही, हे कारण त्या वेळी पुढे आलं. जिम आणि चार्ली यांना एकेक जागा मिळाली. काडतुसाच्या रिकाम्या नळीत सोनं भरून फॉर्टीमाइलच्या गुत्त्यात दाखवायला गेला तो कारमॅक, म्हणून जगाच्या तोंडी नाव तेवढं त्याचं राहिलं.

नोव्हा स्कोशियाचा रॉबर्ट हेंडरसन याने कारमॅकला या भागाची खूण आधी दिली होती. तो पलीकडच्या ओढ्यावर खणत होता. पण जिम आणि चार्ली यांच्याबद्दल तो तुच्छतेने बोलला, त्यांना आपल्या ओढ्यावर जागा घेऊ द्यायची नाही म्हणाला. अपमान झालेल्या माणसांनी सोनं सापडल्यावर त्याला निरोप पाठवला नाही. एका डोंगराच्या अंतरावर तो हिवाळ्याच्या तोंडापर्यंत बेखबर खणत बसला आणि बोनान्झावर त्याला काहीच मिळालं नाही.

केटची गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. कारमॅकने तिला अमेरिकेत नेलं आणि 1900 मध्ये सोडून दिलं. दुसरं लग्न केलं. पहिल्या लग्नाचा कागद नव्हता, म्हणून तिच्या हाती काही लागलं नाही. ती भावाच्या गावी, कारक्रॉसला परतली. भावाने तिला घर बांधून दिलं. ती 1920 मध्ये तापाच्या साथीत गेली. जिम 1916 मध्ये गेला होता, आपल्या पैशाचा मोठा हिस्सा आपल्या लोकांच्या भल्यासाठी विश्वस्तांकडे ठेवून. व्हाइटहॉर्समधली त्याच्या नावाची संस्था आजही चालू आहे. कॅनडाच्या खाण उद्योगाच्या मानकऱ्यांच्या यादीत कारमॅक, हेंडरसन, जिम आणि चार्ली यांची नावं 1999 मध्ये लागली. केटचं नाव लागायला आणखी वीस वर्षं गेली.

त्रॉन्डेक ह्वेचिन लोकांनी जमिनीच्या हक्कासाठी अनेक वर्षं वाटाघाटी केल्या आणि 1998 मध्ये कॅनडा आणि युकॉन सरकारशी अंतिम करार केला. आज त्यांचं स्वतःचं सरकार आहे, त्याचं कार्यालय डॉसनमध्येच आहे. 2023 मध्ये युनेस्कोने या भागातल्या आठ जागा मिळून जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या, त्या "त्रॉन्डेक-क्लोंडाइक" या जोडनावाने. त्यात त्रोचेक आहे, मूसहाइड आहे आणि डॉसनही आहे.

डॉसनमधून एक ठेवा मात्र खरोखर अलास्कात गेला होता. गर्दीत आपली भाषा आणि चालीरीती टिकणार नाहीत हे ओळखून आयझॅक यांनी आपली गाणी आणि नाच सरहद्दीपलीकडच्या नातलगांच्या हवाली केले, सांभाळून ठेवा म्हणून. नातलगांनी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली. विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉसनची मंडळी तिकडे गेली आणि ती गाणी शिकून परत घेऊन आली. आता दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात मूसहाइडला मेळावा भरतो. गावाच्या धक्क्यावरून होड्या भरभरून माणसं खाली जातात, आणि तिथे ती गायली जातात.